बसच्या टायमावर घेतलेला मायनर: बीएस्सी स्टॅट्सच्या एका मुलीची केस

आधी दोन गोष्टी सांगून टाकते. मुलीचं नाव बदललंय, आपण तिला शलाका म्हणू. गावाचं आणि कॉलेजचं नाव देत नाही, सांगली जिल्ह्यातलं द्राक्षपट्ट्यातलं एक तालुक्याचं गाव एवढं पुरे. तिला विचारूनच लिहितेय, तिनं वाचून दोन ठिकाणी मला दुरुस्त पण केलं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मी त्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, स्टॅट्स (संख्याशास्त्र) शिकवते, आणि तिच्या एका निर्णयात माझं स्वतःचं पण काहीतरी अडकलेलं होतं. ते पुढं येईल तिथं सांगतेच, पण वाचताना डोक्यात असू द्या.

पार्श्वभूमी

शलाका जून २०२३ ला एफवायला आली (एफवाय म्हणजे पहिलं वर्ष, एसवाय दुसरं, टीवाय तिसरं). आमचं कॉलेज ऑटोनॉमस असल्यामुळे नवीन शैक्षणिक धोरण आमच्याकडं त्याच वर्षी लागू झालं, बाकीच्या संलग्न कॉलेजना एक वर्ष उशिरा. म्हणजे ही पहिलीच बॅच. मुलांना काही माहीत नव्हतं हे ठीक, आम्हालाच धड माहीत नव्हतं. मेजर (मुख्य विषय), मायनर (त्याच्या जोडीचा दुय्यम विषय), ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस, ओजेटी... स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांना विचारायचो की बाई हे व्हीएससी आणि एसईसी यात फरक काय. सेमिस्टरला २२ क्रेडिट (कोर्स पूर्ण केला की जमा होणारे श्रेयांक), तीन वर्षांची १३२, चौथं वर्ष केलं तर १७६, एवढं पाठ झालं होतं. बाकी सगळं जीआर उघडून बघत बघत.

घरची परिस्थिती सांगायची तर दोन एकर द्राक्षबाग, वडील बागेत, आई बागेत आणि घरात, धाकटा भाऊ तेव्हा दहावीला. बारावी सायन्सला ७२ टक्के. सीईटी दिली होती पण इंजिनिअरिंगची फी आणि त्या वर्षी अवकाळीनं गेलेला माल यांचा हिशोब बसला नाही. स्टॅट्स का घेतलं तर बारावीच्या सरांनी "डेटा सायन्समध्ये स्कोप आहे" असं सांगितलं म्हणून. हा "स्कोप" शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय की आता ऐकला की आधी विचारते, कुणी सांगितलं आणि तो स्वतः काय करतो.

मुलगी हुशार, पण हात वर करणारी नाही. गणित सोडवून वही झाकून बसायची. मेंटॉर-मेंटी स्कीममध्ये माझ्याकडं जी २० मुलं होती त्यात ती एक. या स्कीममध्ये खरं म्हणजे महिन्याला मीटिंग घ्यायची असते. होतं असं की नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी सह्या गोळा केल्या जातात. मी पण पहिलं वर्ष तेच केलं, खोटं कशाला बोलू.

अडचण कुठं सुरू झाली

जानेवारीत दुसरी सेम सुरू झाली आणि मायनर निवडायचा फॉर्म आला. आमच्या कॉलेजात तेव्हा स्टॅट्स मेजरवाल्यांना मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि भूगोल असे तीन मायनर होते. फॉर्म एका पानाचा. वर्गात वाटला, दहा मिनिटात भरून परत द्या म्हणून सांगितलं. टाइमटेबल आधीच लागलेलं होतं, मॅथ्स मायनर दुपारी साडेतीन ते साडेपाच, भूगोल सकाळी.

शलाकाच्या गावाला जाणारी एसटी चार वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतरची पावणेसातला, ती पण येईलच असं नाही. उतरल्यावर मळ्यापर्यंत दीड किलोमीटर चालत. तिनं भूगोल टिक केला आणि फॉर्म पुढं दिला.

आता यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. हिवाळ्यात अंधार पडल्यावर एकोणीस वर्षांच्या मुलीनं मळ्याच्या रस्त्यानं चालत जायचं की नाही हा प्रश्न होता आणि तिनं त्याचं उत्तर दिलं. फॉर्मवर मात्र प्रश्न वेगळाच छापलेला होता, आणि त्या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध आहे हे सांगायला वर्गात कुणी नव्हतं. मी शेजारच्याच वर्गात प्रोबॅबिलिटी शिकवत होते.

पुढची दोन सेमिस्टर मजेत गेली. भूगोल तिला आवडला पण, जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं, प्रॅक्टिकल तर फारच. व्हीएससीमध्ये, म्हणजे व्यावसायिक कौशल्याच्या कोर्समध्ये, आर ही आकडेवारीसाठीची कॉम्प्युटरची भाषा शिकली, ते तिला लगेच जमलं. ओपन इलेक्टिव्हला "स्कोअरिंग" म्हणून सगळ्या वर्गानं आहार आणि पोषण घेतला, हिनं पण. सीजीपीए आठच्या वर. सगळं छान चाललंय असंच मला वाटत होतं.

एसवायला दुसरं सेमिस्टर सुरू होता होता आमचा एक माजी विद्यार्थी आला होता, आयआयटीतून एमएस्सी केलेला. त्यानं जॅमबद्दल, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेबद्दल, सांगितलं. शलाका पहिल्यांदा माझ्याकडं आपणहून आली ती त्या दिवशी. "मॅडम, मी बसू शकते का?" मी वेबसाइट उघडली, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, पात्रता बघितली आणि म्हटलं बसू शकतेस की, काही अडचण नाही.

ही माझी चूक नंबर एक. पात्रता बघितली, सिलॅबस नाही बघितला. बसायला अडचण नव्हतीच, अडचण होती सोडवायला. त्या पेपरात स्टॅट्सबरोबर मॅथ्सचा चांगला मोठा भाग असतो, सिक्वेन्स-सिरीज, दोन व्हेरिएबलचं कॅल्क्युलस, डबल इंटिग्रेशन, मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू. नेमकं हेच आमच्या मॅथ्स मायनरमध्ये होतं. साडेतीन ते साडेपाच.

चार दिवसांनी ती जुना पेपर घेऊन आली. ६० प्रश्न, तीन तास, १०० मार्क. स्टॅट्सचे बरेच जमलेले, मॅथ्सच्या प्रश्नांपुढं नुसत्या पेन्सिलच्या रेघा. म्हणाली, "मॅडम, ह्ये मला कुणी शिकवलंच न्हाई."

समोर काय काय पर्याय होते

एसवायच्या जानेवारीपासून टीवायच्या जूनपर्यंत, म्हणजे जवळपास दीड वर्ष, हे पर्याय मागंपुढं होत राहिले. एकदम सगळे कधीच समोर नव्हते, एकेक कळत गेला, काही फार उशिरा कळले.

मायनर बदलणे. पहिला विचार हाच. ऑफिसनं सांगितलं बदलता येईल पण झालेली क्रेडिट मायनरमध्ये धरता येणार नाहीत, मॅथ्सची मागची सगळी भरून काढावी लागतील. टाइमटेबल तेच, एसटी तीच. सोडून दिलं.

ऑनलाइन मॅथ्स शिकणे. स्वयम्, एनपीटीईएल, ही सरकारी ऑनलाइन कोर्सची ठिकाणं. शिकायला फुकट, परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानं सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून घेता येतात, म्हणजे कागदावर तरी हे फक्त हौसेचं काम नव्हतं, क्रेडिट पण मिळू शकत होती.

जॅम देऊन बाहेर दोन वर्षांचं एमएस्सी. किंवा जॅम न देता शिवाजी विद्यापीठ, पुणे विद्यापीठ यांच्या डिपार्टमेंटच्या प्रवेश परीक्षा.

चौथं वर्ष आमच्याच कॉलेजात, ऑनर्स. म्हणजे तीन वर्षांनी बाहेर पडायचं नाही, चार वर्षांची डिग्री, आणि मग धोरणाप्रमाणे एमएस्सी एकाच वर्षाचं. रिसर्चसह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात, तिच्याकडं होते.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन डिग्री, कॉलेजच्या डिग्रीबरोबरच. २०२२ पासून दोन डिग्र्या एकाच वेळी करायला यूजीसीची परवानगी आहे, त्यामुळे नियमात बसत होतं. जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा क्वालिफायर असतो. पण परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायच्या, फी कोर्सप्रमाणे, आणि तिच्या घरी नेट म्हणजे आईच्या मोबाइलचा दीड जीबी. तिनं स्वतःच हा कागद बाजूला ठेवला. "दोन्हीकडं अर्धं अर्धं हुईल" असं म्हणाली, आणि मला ते पटलं.

नोकरी. हे पुढं ओजेटीतून, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या ट्रेनिंगमधून, आलं, तिथं सांगते.

आणि काका. काका पुण्याला पोलीस खात्यात, त्यांचं एकच, एमपीएससी कर. घरात काकांच्या शब्दाला वजन. यातून एक गंमत अशी झाली की काकांना उत्तर द्यायला म्हणून आम्ही शोधायला बसलो आणि इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस (आयएसएस) सापडली. यूपीएससी घेते, ग्रॅज्युएशनला स्टॅट्स विषय असला की बसता येतं, वय २१ ते ३०. काका खूश. "म्हणजे ही पण यूपीएससीच की!" आणि त्या परीक्षेचा अभ्यास म्हणजे एमएस्सीचाच अभ्यास. घरातलं एमएस्सीचं दार या एका वाक्यानं जेवढं उघडलं तेवढं माझ्या चार फेऱ्यांनी उघडलं नव्हतं.

काय केलं

पहिला एनपीटीईएल कोर्स तिनं एसवायच्या जानेवारीतच धरला, लिनिअर अल्जेब्राचा, १२ आठवड्यांचा. मीच सांगितलं धर म्हणून. व्हिडिओ कॉलेजच्या लायब्ररीत वायफायवर डाउनलोड करायची, घरी जाऊन बघायची. असाइनमेंट दर आठवड्याला. इंग्लिश अवघड जायचं, पहिले तीन आठवडे नुसती रडारड. मग तिनं एक पद्धत काढली, व्हिडिओ थांबवून थांबवून वहीत मराठीत लिहायचं, "म्हणजे हा व्हेक्टर त्या दोघांच्या मिश्रणातून येतो" असं. ती वही मी अजून झेरॉक्स काढून ठेवलीय.

परीक्षा एप्रिलमध्ये. पास व्हायला असाइनमेंटचे २५ पैकी १० आणि परीक्षेचे ७५ पैकी ३० लागतात, तिला एकूण ५८ पडले. खुशीत सर्टिफिकेट घेऊन ऑफिसला गेली, आणि तिथं कळलं की क्रेडिट मिळणार नाहीत. का, तर सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी कॉलेजनं तो कोर्स मंजूर कोर्सच्या यादीत घ्यायला पाहिजे होता, अर्ज डिपार्टमेंटमार्फत जायला पाहिजे होता. तसा अर्ज गेलाच नव्हता. तो करायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. चूक नंबर दोन, ही पण माझीच.

ती काही बोलली नाही. वडील मात्र फोनवर म्हणाले, "मॅडम, हजार रुपये गेले त्याचं काय न्हाई, पण पोरगी रातच्याला बारा-बारापर्यंत जागली वो." यावर काय बोलणार.

टीवायला जुलैत मात्र सगळं आधी केलं. कॅल्क्युलसचा कोर्स, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, अर्ज, अकॅडमिक कौन्सिलपुढं यादी. यावेळी नवीनच लफडं निघालं. क्रेडिट जमा होतात अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात, आणि ते खातं आधारशी जोडलेलं. आधारवर तिचं नाव एका स्पेलिंगनं, मार्कलिस्टवर दुसऱ्या. आधारवर वडिलांचं नाव मधे, मार्कलिस्टवर आडनाव आधी. सेतू केंद्रात तीन चकरा, मधे एकदा सर्व्हर डाउन, एकदा माणूस जेवायला. दुरुस्त व्हायला सव्वा महिना. ज्यांच्या घरी मुलं बारावीला आहेत त्यांनी हे आत्ताच बघून घ्या, पुढं घाईच्या वेळी हे काम कधीच होत नाही.

दरम्यान अजून एक संधी हुकली होती ती मला नंतर कळली. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची रिसर्च फेलोशिप देतात, अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास असतात. एसवायलाच भरायला पाहिजे होता. नोटीस बोर्डावर लागली होती, दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टी संपेपर्यंत तारीख गेली. नोटीसच्या खाली वाळवी लागली होती हे मात्र सगळ्यांनी बघितलं, त्याची तक्रार पण गेली.

जॅमचा फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात. मुलींना फी निम्मी असते हे एक बरंय. पण ऑक्टोबर म्हणजे बागेची छाटणी. छाटणी, पेस्ट, मजूर, औषधं, घरात पैसा फक्त बाहेर जायचा तो काळ, द्राक्षाचा पैसा येणार फेब्रुवारी-मार्चला. तिनं आईला सांगितलंच नाही, स्वतःच्या साठवलेल्यातून भरला. शहरातल्या लोकांना वाटतं परीक्षेचा फॉर्म ही काय गोष्ट आहे. आमच्याकडं फॉर्मच्या तारखा आणि पिकाच्या तारखा कधीच जमत नाहीत.

परीक्षा फेब्रुवारीत, ऐन काढणीत. सेंटर पुणे. काकांच्या घरी दोन दिवस राहिली. काकांनी स्वतः सोडलं सेंटरवर.

ओजेटी

हे वेगळं सांगते कारण सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट हीच, आणि हिच्यासाठी कुणी काही प्लॅन केला नव्हता.

सहाव्या सेमला चार क्रेडिटची ओजेटी, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष काम. बहुतेक मुलं ओळखीच्या दुकानातून, सायबर कॅफेतून सर्टिफिकेट आणतात, आम्ही घेतो. शलाकाला मी एका दूध डेअरीत पाठवलं, तिथला मॅनेजर माझ्या भावाचा मित्र म्हणून. तिला काम काय दिलं तर संकलन केंद्रांचे फॅट आणि एसएनएफचे (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवायचं. नुसतं टायपिंग.

आठवडाभर टायपिंग केल्यावर तिनं आरमध्ये कंट्रोल चार्ट काढले. आम्ही शिकवतो तेच, सरासरीची रेघ, वरची मर्यादा, खालची मर्यादा. चार केंद्रांपैकी एका केंद्राची फॅट रीडिंग मर्यादेच्या आत होती पण सलग अकरा दिवस सरासरीच्या खालीच. पुस्तकात याला रन म्हणतात, एकही पॉइंट बाहेर न जाता प्रोसेस सरकलीय याची खूण. तिनं मॅनेजरला दाखवलं. त्यांना आधी वाटलं त्या गावात म्हशी कमी आणि गाई जास्त असतील. ती म्हणाली मग ते आधीपासून कमी असायला पाहिजे होतं, हे तर अमुक तारखेपासून कमी झालंय. मशीन तपासलं, कॅलिब्रेशन सरकलेलं. म्हणजे त्या गावातल्या लोकांना रोज दराला मार बसत होता.

त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हाचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आणि मे महिन्यात मॅनेजरनं सरळ नोकरी देऊ केली, महिना बारा हजार, गावातनं जाऊन येऊन. घरात हा पर्याय हलका नव्हता. भाऊ बारावीला पोचला होता, त्याला इंजिनिअरिंग पाहिजे होतं.

निर्णयाचा महिना

मार्चमध्ये जॅमचा निकाल. क्वालिफाय झाली, पण रँक अशी की मुंबई-कानपूरच्या आयआयटी सोडाच, कुठंच लागण्यासारखी नव्हती. स्टॅट्सचा भाग चांगला गेला होता, मॅथ्सनं खाल्लं. दोन ऑनलाइन कोर्सनी तिला शून्यावरून मधोमध आणलं, पण ज्यांनी दोन अडीच वर्षं रोज वर्गात बसून केलं त्यांच्याबरोबर नाही आणलं.

मग उरले तीन. डेअरीची नोकरी, आमचं चौथं वर्ष, किंवा विद्यापीठातलं एमएस्सी.

आता माझं अडकलेलं सांगते. चौथं वर्ष पहिल्यांदाच सुरू होणार होतं आणि स्टॅट्सला तोपर्यंत फक्त पाच नावं आली होती. वर्ग चालू करायचा तर मुलं पाहिजेत, वर्ग चालू झाला तर वर्कलोड, वर्कलोड असला तर माझे तास. सीएचबीवाल्याला पगार नसतो, तास असतात. एचओडींनी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं की चांगली मुलं बाहेर जाऊ देऊ नका, त्यांना समजावा. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं कारण चांगली मुलगी म्हणजे शलाका.

आणि मी समजावलं तिला. चौथं वर्ष कर, इथंच रहा, खर्च कमी, मॅथ्सची कमी भरून काढायला एक वर्ष मिळेल, मग एक वर्षाचं एमएस्सी. यातला एक शब्द खोटा नव्हता. पण हे मी तिच्यासाठी बोलतेय की माझ्या तासांसाठी हे मला बोलताना नीट सांगता आलं नसतं, आणि आज पण शंभर टक्के येत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. एक, चौथ्या वर्षाला मॅथ्सचे कुठले पेपर आहेत आणि कोण शिकवणार. दोन, चौथ्या वर्षानंतरचं एक वर्षाचं एमएस्सी स्टॅट्स पुढच्या वर्षी नक्की कुठल्या डिपार्टमेंटला असेल, हे कुठं लिहिलेलं आहे का, असेल तर दाखवा.

पहिल्याचं उत्तर असं की सिलॅबस अजून बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये, म्हणजे अभ्यास मंडळात, होता आणि शिकवणार बहुतेक मीच. दुसऱ्यासाठी मी दोन दिवस फोन केले. "होईल", "व्हायला पाहिजे", "धोरणात तर आहे" असं सगळे म्हणाले. छापलेला कागद कुणी दिला नाही. पाच वर्षं तर दोन्हीकडं लागणारच होती, तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक. फरक एवढाच की दोनवाल्याचा प्रॉस्पेक्टस हातात होता.

मी तिला फोन करून तेच सांगितलं. कागद नाही. आणि माझे तास यात अडकलेत हे पण सांगितलं, त्याच फोनवर. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला म्हाईत हुतं मॅडम, वर्गात सगळ्यास्नी म्हाईताय."

शेवटी काय झालं

तिनं कोल्हापूर आणि पुणे, दोन्ही विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा दिल्या. कोल्हापूरला पहिल्या यादीत नाव, मुलींच्या हॉस्टेलला पण नंबर लागला. पुण्याला वेटिंग. कोल्हापूरची फी भरली आणि आठ दिवसांनी पुण्याचा नंबर आला.

मी म्हणत होते पुण्याला जा. पुण्याचं डिपार्टमेंट जुनं, कंपन्या जवळ, स्पर्धा जास्त. तिनं हिशोब मांडला. पुण्यात हॉस्टेलची खात्री नाही, म्हणजे कॉट बेसिसवर खोली आणि मेस, ते वर्षाला किती. काकांकडं राहायचं तर रोज एमपीएससी. कोल्हापूरला हॉस्टेल, दर शनिवारी अर्ध्या तिकिटात एसटीनं घरी, छाटणी-काढणीला दोन दिवस हात लावता येतील. परत एसटी आलीच मधे. पण यावेळी एका कागदावर दोन रकाने काढून, एसटी एका रकान्यात आणि डिपार्टमेंट दुसऱ्यात मांडून, दोन दिवस विचार करून आली. मी अजून म्हणते पुणे घ्यायला पाहिजे होतं. ती म्हणते नाही.

डेअरीवाल्यांना तिनं नाही म्हटलं नाही. सुट्टीत येऊन चार्ट करून देते, दिवसाप्रमाणे पैसे घेते. त्यातनं मेसचा अर्धा खर्च निघतो.

चौथं वर्ष सुरू झालं, सहा मुलांवर. तरी माझे तास आठवड्याला तीन कमी झाले.

मागं बघितलं तर काय वेगळं करता आलं असतं

मायनरचा फॉर्म. सगळं तिथंच येऊन थांबतं. तो फॉर्म देण्याआधी एक तास, फक्त एक तास, कुणीतरी फळ्यावर उलटं लिहायला पाहिजे होतं. म्हणजे आधी लिहायचं की स्टॅट्सचा मुलगा तीन वर्षांनी कुठं कुठं जाऊ शकतो, जॅम, विद्यापीठ, आयएसएस, अ‍ॅक्च्युरिअल (विम्यातल्या जोखमीचं गणित), नोकरी, आणि मग प्रत्येकाच्या खाली त्याला कुठलं मॅथ्स लागतं. नुसती पात्रता लिहायची नाही, जुन्या पेपरातला एक प्रश्न लिहायचा. पात्रतेची ओळ वाचून आपल्याला वाटतं दार उघडं आहे. प्रश्न वाचला की कळतं आत जायला काय लागतं.

आणि एसटीचं पण खरं उत्तर होतं. मॅथ्सचा तास सकाळी घेता आला असता. शलाकाच्या वर्गातल्या १४ मुलींपैकी नऊ जणी बाहेरगावच्या, त्यातल्या आठ जणींनी भूगोल घेतला होता, हे मी यावर्षी जुने फॉर्म काढून मोजलं. आठ जणी! आणि आम्ही स्टाफरूममध्ये म्हणत होतो की आजकाल मुलींना मॅथ्स नको असतं. मी टाइमटेबल कमिटीला अर्ज दिलाय, मॅथ्स मायनर सकाळी ८.२० ला घ्या म्हणून. भूगोलवाल्या सरांनी हरकत घेतलीय, त्यांची मुलं जातील म्हणून. त्यांचं पण वर्कलोड आहे, त्यांना तरी काय बोलू.

एनपीटीईएलचं म्हणाल तर जानेवारीतला तो पहिला कोर्स क्रेडिटशिवाय गेला तरी वाया गेला असं तिला वाटत नाही, मला वाटतं. तिचं म्हणणं असं की तो कोर्स नसता तर जॅमचा फॉर्मच भरला नसता. असेल. पण अर्ज आधी करायला पाच मिनिटं लागली असती आणि टीवायला एक पेपर कमी झाला असता, ती सवड तिनं सरावाला वापरली असती. तिथं रँक किती बदलली असती कुणास ठाऊक.

जॅमच्या बाबतीत एक निर्णय आम्ही विचारात पण घेतला नाही, तो म्हणजे नोकरी करत एक वर्ष थांबून परत देणे. घरात मुलगी वर्षभर "रिकामी" दिसणं परवडणारं नव्हतं हे खरं, पण डेअरीच्या नोकरीत ती रिकामी दिसलीच नसती. बारा हजार पण आले असते. हे मला सुचलं ऑगस्टमध्ये, तिची अॅडमिशन झाल्यावर. तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं तवा सुचलं न्हाई."

मेंटॉरच्या मीटिंगा मी आता खरंच घेते. सही शेवटी, आधी प्रत्येकाला विचारते की तुझी बस किती वाजता आहे.

मागच्या आठवड्यात शलाकाचा मेसेज आला, एमएस्सीच्या पहिल्या इंटर्नलचा पेपर फोटो काढून पाठवला होता. प्रोबॅबिलिटीला २० पैकी १८, लिनिअर अल्जेब्राला ११. खाली लिहिलं होतं, मॅडम ती माझी मराठी वही झेरॉक्स काढलेली तुमच्याकडं आहे ना, आयगेन व्हॅल्यूची पानं पाठवा, माझी मूळ वही भावानं रद्दीत घातली.

पाठवली. एकूण नऊ पानं निघाली.